आकडे जुळले, मग चिखल कसला?

*ताई, मी नाशिकचा, वय २४. डीजेचा दोन डेकचा कंट्रोलर आहे, दर शनिवारी एका कॅफेच्या गच्चीवर दोन तास वाजवतो. वर्षभर अमापियानोचं, त्या दक्षिण आफ्रिकेतल्या संथ नाचसंगीताचं, वेड लागलंय. सगळ्या गाण्यांना सॉफ्टवेअरने कॅमलॉटचे, म्हणजे गाण्याची पट्टी सांगणारे, नंबर लावून घेतलेत. ५ए नंतर ६ए किंवा ४ए, बीपीएम (मिनिटाला मात्रा) ११२-११३, वेग आपोआप जुळवणारं सिंक चालू. दोन गाणी मस्त मिनिटभर एकत्र ठेवतो. तरी जोडाच्या जागी नुसता चिखल होतो, नाचणारे थांबून पाण्याच्या बाटल्या शोधायला लागतात. मित्र म्हणतो, की-मॅचिंग (पट्ट्या जुळवणं) हे थोतांड आहे, कानाने वाजव. शिवाय रात्री उशिरा जास्त वेगाच्या अफ्रो हाउसवर जायचं म्हणून मी अमापियानो १२२ पर्यंत ओढतो, तेव्हा ते कार्टूनसारखं वाटतं. माझं चुकतंय कुठे?*
*– आकडेमोडीत अडकलेला*

अरे अडकलेल्या,

तुझ्याच पत्रातली एक ओळ परत वाच: 'दोन गाणी मस्त मिनिटभर एकत्र ठेवतो.' चिखल तिथे आहे. ५ए-६ए मध्ये नाही, ११२-११३ मध्येही नाही.

तू ही सवय हाउस किंवा टेक्नोवरून उचललीस असं मला वाटतं. तिथे ती चालते, कारण दोन्ही गाण्यांत किक, म्हणजे खालचा जाड ठोका, चारही मात्रांवर पडते. एकावर एक नीट बसवली की दोन किक मिळून एकच ऐकू येते आणि वरचं सगळं तिच्या आधाराने सरकत राहतं. अमापियानोत तो खुंटाच नसतो. किक मऊ असते, कधी अजिबात नसते. लय धरून ठेवतो तो खुळखुळ्यासारखा शेकर. आणि खाली जो घुमतो तो लॉग ड्रम मात्रेवर पडेलच असं नाही. तो आधी येतो, मागून येतो, दोन बार (चार मात्रांचा एक बार) गप्प बसतो आणि तिसऱ्यात अचानक तिहाईसारखा कोसळतो. प्रत्येक गाण्याचा लॉग ड्रम म्हणजे त्या गाण्याचं बोलणं. दोन माणसं एकाच वेळी बोलली, तर दोघांचा आवाज गोड आहे म्हणून त्यांचं बोलणं समजत नाही.

तबल्याचं उदाहरण देते. दोन तबले एकाच सुरात अगदी काटेकोर मिळवलेत, दोघांची लयही एक आहे. आता एकाने एक कायदा सुरू केला, दुसऱ्याने दुसराच. तबले सुरात आहेत म्हणून कुणी वाहवा करेल का? तू नेमकं हेच करतोयस, आणि वर मलाच विचारतोयस की तबले सुरात असून असं का.

लॉग ड्रमला नावावरून ढोल समजू नकोस. एफएल स्टुडिओ या संगीताच्या सॉफ्टवेअरमधल्या डीएक्स-टेन या सिंथमध्ये तो एक तयार आवाज होता. एमडीयू एकेए टीआरपी या निर्मात्याने त्याला बासच्या जागी आणून बसवलं, असं तिकडे मानलं जातं. त्याला सूर आहे, आणि तो सूर घसरतो. डग्ग्यावर तळहात सरकवून 'घे'चा आवाज वर ढकलतात ना, तसा. म्हणून दोन लॉग ड्रम एकत्र आले की भांडण दुहेरी होतं, ठेक्याचं आणि सुराचंही. बासचं बटण शून्यावर नेलंस तरी पुरत नाही, कारण त्याचा 'टुंग' हा ठोका मधल्या पट्ट्यात असतो. खालची घुमक जाते, टुंग उरतो, आणि तो एकटा उरलेला टुंग गच्चीवर फार विचित्र लागतो, कोणीतरी रिकामी बादली वाजवतंय असा.

आता एक सांधा हातात घेऊन करू. चालू गाणं ५ए, पुढचं ६ए, दोन्ही ११२ वर. ११२ ला एक बार सव्वादोन सेकंदांहून थोडा कमी, म्हणजे १६ बार साधारण ३४ सेकंद. अमापियानोची पूर्ण लांबीची गाणी सहा-सहा, आठ-आठ मिनिटांची असतात, आणि त्यांची सुरुवात डीजेसाठीच मोकळी ठेवलेली असते. समज, पुढच्या गाण्यात पहिले १६ बार नुसता शेकर आणि किरकोळ तालवाद्यं आहेत, मग १६ बार पियानोचे कॉर्ड, आणि ३३ व्या बारला लॉग ड्रम. त्या ३३ व्या बारला एक हॉट क्यू (बटणाने थेट गाठता येणारी खूण) लाव, १७ व्याला दुसरा. आता चालू गाण्यात लॉग ड्रम शेवटचा कधी थांबतो ते आधी घरी ऐकून ठेव आणि तिथेही खूण कर. पुढचं गाणं त्या खुणेच्या बरोबर १६ बार आधी सुरू करायचं. म्हणजे काय होईल? जुन्याचा लॉग ड्रम बोलतोय तोवर नव्याचा फक्त शेकर चाललाय, कुणाला कळलंही नाही. जुना गप्प झाला त्याच क्षणी नव्याचे कॉर्ड उघडले. पुढची ३४ सेकंदं जुन्याचे उरलेले पॅड (मागे लांबवलेले सूर) आणि नव्याचा पियानो एकमेकांत मिसळतायत, खाली कुणीच नाही, आणि लोकांना वाटतंय की आता काहीतरी येणार. मग येतो. तेव्हा जुन्याचा फेडर, म्हणजे आवाजाचा सरकता खटका, पूर्ण खाली असला पाहिजे, अर्धा नाही.

दोन गाणी एकत्र होती एक मिनिट आठ-नऊ सेकंद. तुझ्या मिनिटापेक्षा जास्तच. पण लॉग ड्रम कायम एकच होता.

हे करायला पूर्ण लांबीची आवृत्ती लागते. स्ट्रीमिंगवरून उचललेली तीन मिनिटांची आवृत्ती घेतलीस, तर पहिल्या पंधरा सेकंदांत गायक हजर, शिरायला जागाच नाही. अशा वेळी शेकरच्या चार बारचा लूप करून जागा तयार करता येते. पण खरं सांगू, गाणं विकत घे.

आता सिंक. त्यावर तुझा फार भरवसा आहे. सिंक ग्रिडवर, म्हणजे गाण्यावर मारलेल्या मात्रांच्या खुणांवर, विश्वास ठेवतं, आणि ग्रिड सॉफ्टवेअरने अंदाजाने आखलेलं असतं. सॉफ्टवेअर जोराचा ठोका शोधतं. अमापियानोत सगळ्यात जोराचा ठोका लॉग ड्रमचा, आणि तो मुद्दाम मात्रेच्या आगेमागे टाकलेला. मग सॉफ्टवेअर 'सम' भलत्याच जागी धरतं, आणि तू सिंक दाबून दोन गाणी चुकीच्या समेवर अगदी अचूक जुळवतोस. प्रत्येक गाणं एकदा मेट्रोनोम लावून ऐक. शेकर आणि टाळीवर लक्ष ठेव, कॉर्ड कुठे बदलतो ते बघ. कॉर्ड बहुतेक वेळा समेवर बदलतो. तिथे ग्रिड सरकव. काही गाणी ५६ बीपीएम दाखवतील, ती दुप्पट करून घे. अडीचशे गाणी असतील तर दोन रविवार जातील. जाऊ देत.

आणि ११२ व ११३ म्हणजे 'जवळजवळ सारखंच' हेही डोक्यातून काढ. सिंक नसेल तर मिनिटाला पूर्ण एका मात्रेचा फरक पडतो. पंधरा सेकंदांत पाव मात्रा. तेवढ्यात दोन शेकर एकमेकांच्या मध्ये पडून खडखडाट होतो.

बरं, आता पट्टीचा मुद्दा, ज्यावरून तुझं आणि मित्राचं वाजलंय. मित्र अर्धा बरोबर आहे. शेकरवर शेकर चाललाय तिथे कुठली पट्टी कुठल्या पट्टीशी जुळवणार? सूरच नाही. पट्टी मोजायची ती फक्त जिथे दोन्हीकडचे सूर एकत्र ऐकू येतात तिथे, म्हणजे वरच्या सांध्यातली ती ३४ सेकंदं. पण तिथे मात्र ती मोजायचीच. प्रिटोरियाच्या बकार्डी या नाचसंगीताकडे झुकणारी, ठेका-ठेका असलेली गाणी वाजवत असशील, तर मित्राचं ऐकून निभेल. केल्विन मोमो या निर्मात्यासारखं, ज्याला तिकडे 'प्रायव्हेट स्कूल' म्हणतात ते मंद, जॅझच्या वळणाचं अमापियानो वाजवणार असशील, तर पट्टी चुकली की दात आंबतात.

कॅमलॉटचं चक्र तू पाठ केलंयस, पण त्या आकड्यांत काय आहे ते ऐकलं नाहीस असं वाटतं. पेटी आहे का घरी? नसेल तर मोबाइलवर कीबोर्ड उतरवून घे. ५ए म्हणजे सी मायनर. पांढरी एक षड्ज धर आणि गंधार, धैवत, निषाद कोमल वाजव. आपल्या भाषेत हा आसावरी थाट. आता ६ए, म्हणजे जी मायनर. त्याचे सगळे सूर पांढरी एकवरूनच वाजवून बघ: सगळे तेच, फक्त धैवत शुद्ध झाला. आसावरीचा काफी झाला. एका सुराचा फरक. आता उलटीकडे, ४ए, एफ मायनर. पुन्हा षड्ज पांढरी एकच ठेव: धैवत कोमलच राहिला, पण रिषभही कोमल झाला. म्हणजे भैरवी! चक्रावर एक घर पुढे गेलं की पंचम नवा षड्ज होतो, एक घर मागे गेलं की मध्यम. षड्ज-पंचम आणि षड्ज-मध्यम भाव, एवढंच ते चक्र. ५ए वरून ५बी ला गेलास तर सूर तेच, षड्ज बदलला. त्याला आपण मूर्छना म्हणतो.

हे हाताने वाजवून पाहिलंस की तुला कळेल, ६ए कडे जाताना खोलीत उजेड का वाढतो आणि ४ए कडे जाताना गंभीर का होतं. दोन्ही 'नियमात बसतात', पण दोन्हीचा परिणाम एक नाही. रात्री साडेनऊला लोक नुकते उठून नाचायला लागलेत आणि तू एकामागून एक मागचं घर घेत चाललायस, तर मैफल चालू होण्याआधीच भैरवी गायल्यासारखं होईल.

अमापियानोत मायनरचं प्रमाण मोठं आहे, आणि कॉर्ड साधे तीन सुरांचे नसतात, सातवा-नववा सूर घातलेले असतात. याचा फायदाही आहे आणि त्रासही. सी मायनरचा नववा सूर घातलेला कॉर्ड घे: सी, ई फ्लॅट, जी, बी फ्लॅट, डी. यातले शेवटचे तीन सूर म्हणजेच जी मायनरचा कॉर्ड! म्हणून ५ए वर ६ए इतका अलगद बसतो. पण म्हणूनच सॉफ्टवेअरही गोंधळतं. तोच कॉर्ड त्याला ५ए वाटतो, ६ए वाटतो, ५बी पण वाटतो, आणि घसरणारा लॉग ड्रम त्या गोंधळात भर घालतो. तुझ्या लायब्ररीत काही नंबर सरळ चुकीचे असणार. तपासायची माझी पद्धत अगदी घरगुती आहे: तानपुऱ्याचं ॲप लावायचं, सॉफ्टवेअरने सांगितलेला षड्ज ठेवायचा आणि गाणं वाजवायचं. तानपुरा गाण्यात विरघळला तर नंबर बरोबर. कुठेतरी टोचत राहिला तर पंचमावर किंवा कोमल गंधारावर षड्ज नेऊन बघायचं. दोन मिनिटांत निकाल लागतो.

माझी एक फजिती सांगते. कॅमलॉट नवीन कळलं होतं तेव्हा मी इतकी हरखले होते, की गोव्यात एका हॉटेलच्या लॉनवर सलग चाळीस मिनिटं फक्त ८ए वाजवलं. सांधे असे की सुई घालायला जागा नाही. मी स्वतःवर बेहद्द खूश. तेवढ्यात ग्लास उचलायला आलेला मुलगा अदबीने म्हणाला, "मॅडम, हे गाणं अजून किती वेळ आहे?" त्याला अकरा गाणी एकच गाणं वाटली होती. तेव्हापासून मी तिसऱ्या-चौथ्या गाण्याला घर बदलतेच, आणि तासातून एकदा मुद्दाम नियम मोडते. ५ए वरून १२ए, म्हणजे पांढरी एकवरून थेट काळी एक, अर्धा सूर वर. या दोन पट्ट्यांत फक्त दोन सूर सामायिक आहेत, त्यामुळे सूर एकमेकांवर एक क्षणही येऊ द्यायचे नाहीत. जुन्याचं सगळं काढून फक्त शेकर उरू द्यायचा, आणि नवा थेट कॉर्डवर उघडायचा. गर्दी पाव इंच वर उचलली जाते.

राहिला वेग. कार्टून होतंय, कारण तू ११२ चं गाणं १२२ ला नेतोस, म्हणजे जवळपास ९ टक्के वाढ. की-लॉक बंद असेल तर वेगाबरोबर सूरही चढतो. ६ टक्क्यांना अर्धा सूर चढतो, तर ९ टक्क्यांना पाऊण सूर. गायकाची चिमणी होणारच, शिवाय तुझा ५ए आता ५ए राहिलेलाच नाही, तो दोन पट्ट्यांच्या मध्ये लटकतोय. की-लॉक चालू केलास तर सूर जागेवर राहतो, पण आवाज ताणल्याच्या खुणा सगळ्यात आधी लॉग ड्रमवर दिसतात. त्याची कडा विरघळते. म्हणून एक टक्क्याच्या आत हलवायचं असेल, ११२ चं ११३, तर की-लॉक बंदच ठेव. सुरात फरक पडतो तो अर्ध्या सुराच्या सहाव्या भागाएवढा, कुणाला कळत नाही, आणि बास घट्ट राहतो. त्यापुढे चालू कर.

पण मुळात १२२ ला न्यायचंच कशाला? हे संगीत संथ आहे ते अपघाताने नाही. दक्षिण आफ्रिकेत नव्वदच्या दशकात हाउस हळू करून क्वाइतो झालं. मग गेल्या दशकात गौटेंग प्रांताच्या टाउनशिपांत, जोहान्सबर्गच्या भोवती सोवेटो-अलेक्झांड्रा-कातलेहोंगला आणि प्रिटोरियाकडे मामेलोडीला, डीप हाउस, जॅझचा पियानो आणि क्वाइतोची ती रेंगाळती चाल एकत्र आली. गाणी व्हॉट्सॲपवरून आणि मिनीबस टॅक्सीतून फिरली. काब्झा डी स्मॉल आणि डीजे मफोरिसा या निर्मात्यांनी २०१९ मध्ये 'स्कॉर्पियन किंग्ज' म्हणून जोडी जमवली तोवर देशभर हेच वाजत होतं. ११० ते ११५ हा त्याचा चालण्याचा वेग आहे. दोन मात्रांच्या मध्ये शेकर जो हेलकावा घेतो, त्याला तेवढी जागा लागते. १२२ ला ती जागाच संपते, आणि झुलणारा माणूस बस पकडायला धावल्यासारखा दिसतो.

अफ्रो हाउस १२० च्या आसपास सुरू होतं, मग मध्ये पूल बांध. शेवटची तीन-चार अमापियानो गाणी ११३, ११४, ११६ अशी चढती घे; गाण्याच्या मध्यात, ठेका थांबतो त्या ब्रेकडाउनमध्ये, अर्धा-अर्धा बीपीएम सरकवलास तर कळत नाही. ११६ ला थांब. मग लांब पॅड किंवा एखादी गायकाची ओळ उरलेलं ठिकाण निवड, तिच्यावर एको टाक, ती विरत असताना अफ्रो हाउसची किक तिच्या स्वतःच्या वेगात उघड. सांधा असा नाहीच, दार आहे. सगळीकडे सांधे लागत नाहीत.

एक किरकोळ पण महत्त्वाची गोष्ट राहिली. गच्चीवरचे स्पीकर किती इंची आहेत? दहा इंची असतील तर लॉग ड्रमचा खालचा भाग त्यांना नीट झेपत नाही. मग तू बास वाढवत जातोस, मिक्सरवर लाल दिवा लागतो, लिमिटर सगळंच दाबून टाकतो, आणि चिखलाचा अर्धा वाटा तिथून येतो. बासचं बटण बारा वाजण्याच्या जागेच्या वर नेऊच नकोस. मालकाला एखादा सब (खालच्या बासचा वेगळा स्पीकर) भाड्याने आणायला सांग, आणि नाहीच आणला तर प्रायव्हेट स्कूलची गाणी जास्त ठेव. त्यात पियानोवर भागतं.

पुढचा शनिवार झाला की रेकॉर्डिंग पाठव. पण फक्त दोन सांधे, प्रत्येकी दोन मिनिटं. गेल्या महिन्यात एका भाच्याने अख्खा चार तासांचा सेट पाठवला होता, तो अजून माझ्या फोनमध्ये पडून आहे.

– ताई